विचारल्याशिवाय कसा?

स्वतःच्या नवऱ्याचा जीव वाचवायला बाईला कोणाची परवानगी लागते?

बोला. गप्प का? ‘कोणाचीच नाही’ असंच म्हणणार तुम्ही. मीही तेच म्हणालो असतो, टेबलावर हात आपटून. गेल्या भातकापणीपर्यंत म्हणतच होतो. आता नाही म्हणत. भरदुपारी, माझ्या गडग्यापलीकडच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, ती परवानगी मागितली गेली. मिळालीसुद्धा. दोन्ही मी माझ्या कानांनी ऐकलं. तेव्हापासून कोणी साधं ‘बसू का?’ विचारलं तरी मी त्याच्यावर खेकसतो.

गडगा म्हणजे आमच्याकडची दगड रचून केलेली बुटकी भिंत. अलीकडे मी, पलीकडे विमलाकाकी. मी पास्कल. शाळा सातवीत सोडली, देवबागला पर्यटकांच्या होडीवर राबलो, आणि कायदा शिकलो तो कचेऱ्यांच्या भिंतींवरच्या नोटिसा वाचून. माझ्या तोंडाला लगाम नाही हे तालुक्यातला कुठलाही तलाठी सांगेल. एवढी ओळख पुरे. हे लिहितोय ते काकीबद्दल.

विमला महादू राऊळ. उंचीने एवढीशी, पण कामाला उभी राहिली की तिच्या वाटेत कोणी येऊ नये. नवरा, महादूकाका, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला, तेव्हापासून शेत, काजू, कोंबड्या आणि काका, सगळं एकटीने. एवढ्या अंगाच्या माणसाला ती न्हाणीपर्यंत कशी न्यायची माहीत आहे? जाड गोधडीवर त्याला सरकवायची आणि गोधडी ओढत चालायची. शेणाने सारवलेल्या जमिनीवरून माणूस होडीसारखा घसरत जायचा. वाटेत त्याच्याशी बोलायची, ‘इलो हां धक्को, उतरा आता.’ काकाची वाचा गेलेली, पण तोंडाच्या एका बाजूने हसायचा.

हात असे. निर्णयाचं काय? निर्णयाला तिचं एकच वाक्य. ‘विचारून सांगतंय.’

कोणाला विचारणार? काका बोलत होता तोवर काकाला. काकाची वाचा गेल्यावर धाकट्या दिराला, धनेशला. धनेश भांडुपला असतो. शेतात ट्रॅक्टर घालायचा की बैल, ते भांडुपला विचारायचं. म्हातारी गाय द्यायची की ठेवायची, भांडुपला. वाडीतल्या बायका तिला छळायच्या.

‘काकी, चायत साखर घालू, की भांडुपाक फोन लावतंस?’

काकी कसली ऐकून घेते. ‘तुमचा बरा आसा गो. तुमका कोण विचारणा नाय, तुमी कोणाक विचारनास नाय.’

हसायचे सगळे. मीसुद्धा.

ही सवय ती आईच्या पोटातून घेऊन आली नव्हती. तिनेच मला सांगितलंय. लग्न होऊन आली त्याच वर्षी घरामागच्या परड्यातल्या झाडाचा एक कापा फणस तिने उतरवला. सासू बाजारात, नवरा शेतात, दारात पाहुणे आलेले. झाड भावकीचं, सामायिक. संध्याकाळी सगळी भावकी येऊन खळ्यात उभी राहिली. कोणी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. सासूने तो अर्धा कापलेला फणस उचलून तिच्या हातात दिला आणि झाडाच्या बुडाशी नेऊन ठेवायला लावला. तिथेच तो कुजला. वास घरभर. पण एक गरा कोणी तोंडात घातला नाही.

‘तेवा शिकलंय,’ ती म्हणायची. ‘दुसऱ्याच्या हक्काचा आसा, विचारल्याशिवाय कसा?’

तुम्ही म्हणाल, वाईट सवय. थांबा, एवढ्यात नको.

रस्ते रुंद झाले, जमिनीला भाव चढला, तेव्हा आमच्या वाडीत एक एजंट शिरला. पांढरी गाडी, कपाळाला टिळा, तोंडात गोड गोड. मुखत्यारपत्रावर फक्त सही करा, पुढचं आम्ही बघतो. लोक रांगेत उभे राहिले. मी ओरडत होतो, वाचल्याशिवाय सही करू नका, तर मलाच वेड्यात काढलं. विमलाकाकीने पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

‘भावजींका विचारूचा लागात.’

एजंट म्हणाला, ‘आजी, आज शेवटचा दिवस आहे.’

‘मगे फाल्या आणि एक शेवटचो दिवस काढा.’

धनेशने फोन उचलला नाही. नंतरही बरेच दिवस नाही. त्याच्या कंपनीत काही गडबड होती. तोवर पलीकडच्या गावात ह्याच एजंटाचं बिंग फुटलं. ज्यांनी सह्या केल्या ते अजून कोर्टाच्या पायऱ्या झिजवतायत. काकीची जमीन जागच्या जागी. त्यानंतर मी सभेत उभा राहिलो की सांगायचो, विमलाकाकीसारखे थांबायला शिका. ते बोलणं मी आजही मागे घेत नाही.

झालं एवढंच की काकीला खात्री पटली. विचारण्यात आपलं भलं आहे.

आता घर समजून घ्या. घर एकच, छप्पर एकच, पण मधल्या भिंतीपासून दोन वाटण्या. अलीकडचा भाग काकाचा. पलीकडच्या दोन खोल्या धनेशच्या: लादी घातलेल्या, पंखा, लाकडी खाट, खाटेवर प्लास्टिक पसरलेलं. त्या खोल्या चतुर्थीला उघडायच्या, मुंबईकर आले की. एरवी कुलूप. आणि चावी विमलाकाकीच्या कनवटीला. उंदरांचं बघणं, गाद्यांना ऊन दाखवणं, केर काढणं, सगळं तीच करायची आणि पुन्हा कुलूप लावायची.

काकाच्या भागामागे आंबा. जुना रायवळ, चार माणसांच्या कवेत न येणारा. वाळवीने आतून पोखरलेला. दरवर्षी घराकडे थोडा अधिक वाकायचा. गेल्या पावसात त्याच्या मुळांकडची जमीन फुगून वर आली, तीत फट पडली. आणि तो वाकला होता नेमका काकाच्या अंथरुणावर.

मग तोडला का नाही? तोडता येत नव्हता. आंबा सामायिक, आणि त्याच्या बुडाशी राखणदार. जागेची राखण करणारा देव म्हणा. एक दगड, वर्षातून एकदा त्याला रोट आणि कोंबडा. त्या झाडाला कुऱ्हाड लावायची तर सगळी भावकी जमायला हवी, सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालून देवाला विचारायला हवं. आणि भावकी मुंबई, पुणे, गोवा. ‘गणपतीक सगळे येतले, तेवा बघूया.’ गणपतीत आरत्या, भजनं, उसळ, आणि कोणाची ना कोणाची गाडी सुटायची वेळ. ‘शिमग्याक बघूया.’ शिमग्याला निम्मे येतच नाहीत.

मी भांडायला गेलोच. भावकीतला एक म्हातारा मला म्हणतो, ‘पास्कल, तू किरिस्तांव. तुका राखणदाराचा काय कळतला?’

‘माझी आवय इनासिया दर वर्साक त्या दगडार विडी ठेवी,’ मी म्हटलं. ‘तुझ्यापरास तो माका जास्त वळखता. जा, विचार तेका, माणूस मारूचो आसा काय.’

म्हातारा हसला. पण झाड तिथेच.

ग्रामपंचायतीत अर्ज दिला. सगळ्या हिस्सेदारांची संमती आणा, म्हणाले. म्हटलं, ठीक आहे, झाड हलत नाही तर माणूस हलवूया. काकीला म्हटलं, ‘काकाक पलीकडच्या खोलयेत घे. चावी तुझ्याकडे आसा. गोधडी वड आणि न्हे.’

‘भावजींका विचारूचा लागात.’

‘मगे विचार! आत्ता विचार, माझ्यासमोर!’

तिने फोन लावला. ती फोन ताटलीसारखा तोंडासमोर धरायची आणि स्पीकरवर बोलायची. कानाला कमी ऐकू येतं. धनेशचा आवाज अख्ख्या खळ्यात. ‘वहिनी, बघू ना. चतुर्थीला येतोच आहोत आम्ही. आणि ते झाड माझ्या जन्मापासून वाकडंच आहे गं, एवढं काय घाबरतेस? दादाची गोळी संपली का? पाठवू?’

माणूस वाईट नाही. दादाची औषधं तोच पाठवायचा. दर चतुर्थीला वहिनीला लुगडं आणायचा, तेही निवडून. म्हणून तर माझा जीव जास्त जळतो. वाईट माणसाशी कसं वागायचं ते मला येतं.

चतुर्थी आली. धनेश बायकोपोरांसह त्याच खोल्यांत राहिला, पंख्याखाली झोपला, मधल्या भिंतीपलीकडे भाऊ त्या आंब्याच्या तोंडात पडलेला. सगळे परत गेल्यावर मी काकीला विचारलं, ‘विषय काढलंस?’

‘इतक्या पाव्हण्यांच्या तोंडार कसो काढू? आरत्ये चालले होते.’

‘जातानातरी?’

‘जाताना बोलले मां तेच. दिवाळीक एकटोच येतंय, तेवा बघूया म्हणाले.’

माझा पारा चढला. ‘काकी, तो नाय म्हणता काय? एकदा तरी नाय म्हटल्यान?’

तेव्हा ती जे बोलली ते मी विसरणार नाही. धान्य पाखडत होती. सूप थांबलं.

‘नाय म्हटल्यानी असता तर बरा झाला असता रे. भांडलंय असतंय. तुझ्यापरास मोठ्यान भांडलंय असतंय. बघूया म्हणतत, त्यांच्याशी कशी भांडू?’

आणि सूप पुन्हा चालू.

भात कापणीला आलं. त्या दिवशी सकाळी कडक ऊन होतं. दुपारी समुद्राकडून काळं भरून आलं आणि वारा असा सुटला की माझ्या पडवीवरचा पत्रा उडायला लागला. मी शिडीवर चढून पत्रा बांधत होतो. शिडीवरून पलीकडचं खळं सगळं दिसतं. आणि मला दिसलं, धनेशच्या भागाचं दार सताड उघडं.

चतुर्थी नाही, शिमगा नाही, आणि दार उघडं! आतून धूळ बाहेर येत होती. बाई केर काढत होती. वादळ डोक्यावर, आणि ती दुसऱ्याची खोली झाडत होती. मग खाटेवरचं प्लास्टिक बाहेर आलं. मग उशी झटकली गेली. खाट तिने भिंतीला सारलेली दिसली. जमिनीवर काकासाठी अंथरूण घातलं असावं. तुम्हाला सांगतो, मला इतका आनंद झाला की हातातली दोरी सुटली.

‘काकी! बरा केलंस! रव, येतंय मी धरूक!’

मी शिडी उतरायला लागलो. ती बाहेर आली. आता काकाकडे वळणार, गोधडी ओढणार. नाही. ती खळं ओलांडून तुळशीच्या पुढे गेली, टोकाला, माडाखाली. तिथेच काय ती रेंज येते.

फोन ताटलीसारखा तोंडासमोर.

‘काकी, फोन कित्याक? येतंय सांगतंय मां!’

तिने माझ्याकडे न बघता हात वर केला. थांब. फोनची रिंग वाजत राहिली, बंद झाली. तिने पुन्हा लावला. पुन्हा बंद झाली.

माझा एक पाय गडग्यावर होता तेव्हा आंबा गेला.

लोक सांगतात तसा कडकडाट नव्हता. आधी जमिनीच्या आतून एक लांब कण्हणं. मग कौलं, सगळी एकदम, जत्रेत कासाराचा बांगड्यांचा हारा उपडा व्हावा तशी. मग नुसता पाऊस.

काकाच्या भागावर झाड आडवं. वासे, आढं, भिंत, काही ओळखू येत नव्हतं. धनेशच्या खोल्यांवरचं एक कौल हललं नव्हतं. दार उघडंच. आत अंथरूण दिसत होतं, चादरीला सुरकुती नाही.

मी किंचाळत खळ्यात उडी टाकली. काकी माडाखाली तशीच उभी. आणि तिच्या हातातला फोन वाजला.

तिने घेतला.

‘वहिनी, गाडी चालवत होतो गं. मिस्ड कॉल दिसले. बोल.’

ती झाडाकडे बघत होती. डोळे उघडे होते, झाडाकडेच होते, शपथ घेऊन सांगतो. आणि रोजच्या आवाजात म्हणाली, ‘भावजी, वारो खूप आसा. तुमची खोली उघडलंय हां. ह्यांका थंय न्हेऊ?’

‘अगं ने ना! विचारतेस काय!’

‘बरा,’ ती म्हणाली. फोन पदरात बांधला. आणि त्या पडलेल्या घराकडे चालू लागली, गोधडी ओढायला.

मी तिला धरलं. ती मला ढकलत होती. ‘सोड रे, हो म्हणाले ते. आयकलंस मां तू? हो म्हणाले.’

वाडी धावत आली. काकाला बाहेर काढलं. काका गेला होता. ह्यापुढचं त्या दुपारचं मी लिहीत नाही.

पण दुसऱ्या दिवशीचं लिहितो, कारण तेव्हाचा धक्का वेगळा. सकाळी मी खळ्यात आलो तर भावकी हजर. सगळी. भांडुप, पुणे, पणजी, ज्यांना एका गाऱ्हाण्यासाठी तासभर मिळत नव्हता ते सगळे रातोरात आपापल्या गाड्या घेऊन. खळ्यात चपला मावत नव्हत्या. काकीची लेक नम्रता आरोंद्याहून आली होती, ती आईला धरून बसलेली. कोणीतरी कुडाळहून मशीनवाला आणला. करवत सुरू झाली आणि जेवणवेळेपर्यंत तो आंबा ओंडके होऊन रस्त्याच्या कडेला. त्याच्या बुडाशी राखणदाराचा दगड चिखलात. मी त्या म्हाताऱ्याला विचारलं, ‘आणि गाऱ्हाणा?’

‘आता कसला गाऱ्हाणा रे,’ तो म्हणाला. ‘घरात मयत आसा.’

म्हणजे मेल्यावर चालतं! जिवंत माणसासाठी देवाला विचारायला सगळे हवेत, आणि मेलेल्यासाठी कोणीच नको!

धनेश पडवीत बसून लहान पोरासारखा रडत होता. मला बघून हात धरला. ‘पास्कल, तू सांग. मी कधी नाही म्हटलं का रे? एकदा तरी?’

‘“नाही” म्हटलं नाहीस,’ मी म्हटलं. ‘पण तेवढंच. “हो” पण म्हटलं नाहीस.’

लोकांनी मला बाजूला नेलं. मयताच्या घरी भांडतो म्हणाले.

मी तेव्हापासून विचार करतोय. थांबणं चांगलं की वाईट? देवबागला होडी खाडीतून समुद्रात काढताना तांडेल थांबतो. लाट फुटू देतो, मग सुटतो. न थांबणारा तांडेल मी बघितलाय. त्याची होडीही बघितलीय, उलटी. पण थांबलेला तांडेल बघत कुठे असतो? लाटेकडे. किनाऱ्यावर उभ्या मालकाच्या तोंडाकडे बघत थांबला, तर तो थांबला नाही. त्याने सुकाणू सोडलं.

आणि एजंटाच्या वेळचं? तेव्हा काकी वाचली ती विचारल्यामुळे, असं मी सभांमधून सांगितलं. खोटं नव्हतं, पण पुरतं नव्हतं. तिची जमीन वाचली कारण धनेशने फोन उचलला नाही. उचलून ‘कर गं सही’ म्हणाला असता तर? तिचं थांबणं कामाला आलं, खरं आहे. पण थांबून तिने कागद वाचून घेतला नव्हता, कोणा जाणत्याला दाखवला नव्हता. वाजणाऱ्या फोनकडे बघत बसली होती. त्याच न उचललेल्या फोनाने जमीन राखली आणि त्याच न उचललेल्या फोनाने काका नेला. आता ह्याला चांगलं म्हणा, नाहीतर वाईट म्हणा.

काकीने मला ह्याहून कठीण विचारलं. बाराव्यानंतर, गडग्याशी उभी राहून.

‘पास्कल, मी भायर इलंय फोन करूक, म्हणान वाचलंय. तेंका वडूक आत गेलंय असतंय तर थंयच गेलंय असतंय, दोघांय. मगे त्या विचारण्यान माझा बरा केल्यान, काय वायट?’

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर उत्तर असतं, तुम्ही तालुक्यात विचारा. केर काढला नसता, फोन केला नसता, तर काका वाचला असता का? बहुतेक. दोघंही वाचले असते का? बहुतेक. पण ‘बहुतेक’ त्या बाईच्या तोंडावर कसं फेकायचं?

हे इथे संपलं असतं तर मी लिहिलं नसतं.

पाहुणे गेले, नम्रताही गेली. धनेश सगळ्यांत शेवटी गेला. जाताना वहिनीच्या पाया पडला आणि नेहमीप्रमाणे कुलूप लावून चावी तिच्या हातात दिली. मी शहरात एका मोर्च्याला गेलो होतो. परत आलो तर काकीच्या मांगरात चूल पेटलेली. मांगर म्हणजे परड्यातली ती झावळ्यांची खोप, जिथे लाकडं आणि शेणी ठेवतात. तिथे तिने जागा केली होती. एका बाजूला शेणी, एका बाजूला ती. वर निळं प्लास्टिक.

‘ह्या काय? पलीकडच्या खोलये आसत मां?’

‘ते भावजींचे.’

‘ताच तर विचारतंय! थंय कित्याक रवणस नाय?’

माझ्याकडे असं बघितलं तिने, जसं काही मीच काही विसरलोय. ‘तेंनी रव म्हणान सांगूक नाय रे. विचारल्याशिवाय कसा?’

नवरा त्या एका प्रश्नाखाली चिरडून गेला, आणि बाई अजून तोच प्रश्न हातात घेऊन शेणींत बसलेली!

मी तिथेच, तिच्यासमोर, धनेशला फोन लावला. उचलला.

‘धनेश, तुझी वहिनी मांगरात राहते.’

‘काय? मांगरात? का? घर आहे ना आपलं!’

‘तू तिला राह म्हणालास?’

‘अरे, ते काय सांगायला लागतं का? तिला कोण नाही म्हणतंय?’

‘परत तेच!’ मी ओरडलो. ‘नाही म्हणू नको, मेल्या, हो म्हण! तोंड उघडून हो म्हण! ती ऐकते आहे, तिच्या कानात म्हण!’

मग त्याचा आवाज आला, फुटलेला. ‘वहिनी... दोन्ही खोल्या तुझ्या. आजपासून. आम्ही आलो तर आम्ही तुला विचारून राहू.’

काकीने पदर सारखा केला. फोनजवळ तोंड आणलं.

‘खाट पण?’

‘खाट पण. सगळं. आणि वहिनी, मला पुन्हा कधी विचारू नको गं.’

‘बरा.’

ती उठली. चुलीतलं लाकूड विझवलं आणि आपलं बोचकं घेतलं. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, ‘तू सरक, तुका जमाचा नाय.’ गेली, कुलूप काढलं आणि आत शिरली. पहिल्याच दिवशी पंखा लावून झोपली म्हणे. मला नम्रताने फोनवर सांगितलं.

आता तुमच्याकडे वळतो. तुमचंही गावात घर असेल. बंद असेल. ते झाडणारी, तुमच्या गाद्यांना ऊन दाखवणारी एक वहिनी असेल, काकी असेल, गडी असेल. तुम्ही तिला कधीच नाही म्हटलेलं नसेल, मला माहीत आहे. तुम्ही भले लोक आहात. म्हणूनच सांगतो. हे वाचून कागद घडी करून ठेवू नका. चतुर्थीला बघू म्हणू नका. आत्ता तिला फोन लावा. ‘तुझं तू बघ’ असं मोघम नको. शब्दांत सांगा: दार उघड, लागलं तर राह, झाड धोक्याचं असेल तर तोडायला लाव, माझी संमती मी लिहून पाठवतो, आणि आधी मला विचारत बसू नको. ती पलीकडून ‘बरा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.